खात्यांची सावड

सुज्ञ वाचकजनहो! आमच्या मंडलातील, म्हणजे लहानशा तालुक्यातील, निरनिराळ्या सरकारी खात्यांनी एकमेकांपासून विद्या शिकावी, एकमेकांच्या कार्यास हातभार लावावा आणि जनतेची सेवा एकदिलाने करावी, असा जो महान संकल्प सन एकोणीसशे शहाण्णवच्या उन्हाळ्यात सोडण्यात आला, त्याचे पुढे काय झाले याचे यथार्थ निवेदन या कथेत केले जाणार आहे. मंडलाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्याची टोपी असेल त्याच्या डोक्यावर ती आपोआप बसेल.

आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरकडून येणाऱ्या हमरस्त्यापासून आत, कपाशीच्या काळ्या रानात हिवरधरा नावाचे गाव आहे. गावास पाण्याची साधने दोनच. एक सरकारी बोरिंग, ज्याचा लोखंडी दांडा हापसला म्हणजे पाणी येते. आणि दुसरा ओढ्यातील झिरा, जो वाळू उकरून हाताने करावा लागतो. उन्हाळ्यात झिऱ्यावर कसेबसे निभते. परंतु मृगाचा पाऊस कोसळला की वरच्या अंगाची सगळी घाण ओढ्याने वाहत येऊन त्या झिऱ्यात उतरते, आणि श्रावण लागला की गावात हगवणीची साथ घरोघर पाहुणी म्हणून फिरते. मागच्या श्रावणात बोरिंग बंद होते. त्या साथीत गावच्या सरपंच जयवंताबाई यांची नात गेली. दिवाळीस बोरिंग दुरुस्त झाले आणि होळीस पुन्हा बंद पडले. आतला पाईप सुटून खाली बसला.

जयवंताबाई ही विधवा कुणबीण. सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा गावाने तिला उभे केले ते तिच्या विद्वत्तेसाठी नव्हे. ती भांडायला खमकी आहे, एवढाच गुण गावाने पाहिला, आणि गावाची पारख चुकली असे म्हणता येत नाही. परंतु बाहेर वाघीण असलेली ही बाई घरात आपल्या सुनेपुढे मान वर करू शकत नव्हती. सून आशाबाई हिच्या कडेवर आता दुसरे लेकरू होते.

एके सकाळी आशाबाई झिऱ्यावरून आली. घागर ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "आत्याबाई, आधीच सांगून ठेवते. मिरगाच्या आत बोरिंग चालू नाई झालं तं मी लेकराले घेऊन मुधोळले जाते, माह्या मायच्या घरी. मंग तुमच्या लेकाले सांगा, दुसरी करून घे."

"अवं, असं काऊन बोलते? मी सरपंच हाव ना."

"तवाबी तुमीच होते ना सरपंच? एक लेकरू त्या झिऱ्यापायी गेलं माहं. दुसरं नाई देत."

जयवंताबाईंनी घागर आत नेऊन ठेवली. पदर खोचला आणि मंडलाच्या गावची वाट धरली.

मंडलाची सर्व कार्यालये एकाच आवारात आहेत. एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यास शेळीला तोंडातला पाला चावून संपवण्याइतकाही वेळ लागत नाही. परंतु साहेब लोकांना तेच अंतर काशीरामेश्वराएवढे वाटते. प्रथम जयवंताबाई पाणीपुरवठ्याचे इंजिनियर विठ्ठलराव यांच्याकडे गेल्या. विठ्ठलराव पान लावत होते.

"सरपंचबाई, पाईप ओढायचा तिकाटण्याचा, तीन पायांचा घोडा माझ्याकडे आहे, साखळ्या माझ्याकडे आहेत, मेस्त्रीसुद्धा माझाच आहे," ते म्हणाले. "पण हे सगळं काय मी डोक्यावर घेऊन येऊ? जीप विकास अधिकाऱ्यांकडे."

विकास अधिकारी गोपाळराव शेजारच्याच खोलीत होते. ते म्हणाले, "जीप आहे ना! पण पाणी हा माझा विषय नाही. विठ्ठलरावांची मागणी वरून फिरून आली पाहिजे."

विठ्ठलराव दारातूनच म्हणाले, "मागणी वर जायची तर आरोग्यवाल्यांनी आधी लिहून द्यावं लागतं, की गावात रोग आहे."

आरोग्याचे साहेब तिसऱ्या खोलीत. ते म्हणाले, "पण रोग अजून आला कुठं? आला, की लगेच लिहितो."

"म्हंजे आधी माणसं मरू द्या म्हंता काय जी?"

"तसं नव्हे हो बाई. मी फक्त पद्धत सांगतो आहे."

पद्धत! ज्याला काम करावयाचे नसते त्याच्या घरी पद्धत ही लाडकी लेक असते. जयवंताबाई त्या दिवशी तीन दारे फिरून, तीन वेळा कपाळाला हात लावून परत आल्या.

त्याच सुमारास गोपाळराव हैद्राबादेस एका शिक्षणवर्गाला जाऊन आले. तेथे त्यांना असे शिकविण्यात आले की, सरकारी खाती परस्परांना ओळखत नाहीत, म्हणून जनतेचे नुकसान होते. ही गोष्ट आमच्या रानातल्या बैलांनाही ठाऊक होती. परंतु गोपाळराव ती थंड खोलीत बसून ऐकून आले, म्हणून त्यांना ती नवी वाटली. परत येताच त्यांनी सर्व खात्यांची आणि सरपंचांची सभा भरविली आणि देवाणघेवाण, समन्वय, परस्पर-शिक्षण असे जड जड शब्द श्रोत्यांच्या अंगावर फेकण्यास आरंभ केला. विजेचे साहेब डुलक्या घेऊ लागले. शेतीचे साहेब टेबलाखाली पायातला काटा काढू लागले.

जयवंताबाईंना राहवेना. त्या उभ्या राहिल्या. "साहेब, हे काय नवीन हाय? आमच्याइथं सावड असते."

"सावड? म्हणजे काय?"

गोपाळरावांचा जन्म आदिलाबाद शहरातला. त्यांचे आजोबा निजामाच्या अमदानीत दफ्तरात चाकरीस आले, आणि तेव्हापासून त्या घराण्याने वावर पाहिले ते रस्त्यावरूनच. म्हणून जयवंताबाईंनी समजावून सांगितले.

"आज समदे माह्या वावरात, उद्या समदे बयनाबाईच्या. बैल एकाचे, वखर दुसऱ्याचं, मानूस तिसऱ्याचा. ज्याच्या वावराले घाई, त्याची पाळी आधी. अन् काम उरकलं का ज्याचं वावर त्याच्या घरी समद्याइचं जेवण. कोनी कोनाले भाषन देत नाई, जी."

शेवटचे वाक्य गोपाळरावांच्या कानावर पडले नसावे, कारण जेवण हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा उजळला होता. विजेचे साहेब जागे झाले. "उत्तम!" गोपाळराव म्हणाले. "खात्यांची सावड! प्रत्येक खात्याकडे एकेक दिवस सर्वांनी जायचं, त्याचं काम पाहायचं, शिकायचं, हात लावायचा, आणि सोबत भोजन करायचं. हिवरधऱ्याच्या सरपंचबाईंनी कल्पना दिली, म्हणून त्यांचं गावही या सावडीत घेऊ."

"मंग पयली पाळी माह्या गावाची लावा," जयवंताबाई घाईने बोलल्या. "मिरग डोक्यावर हाय. आमचं बोरिंग..."

"असं कसं? पाळी हुद्द्याप्रमाणे लागेल. पहिल्यांदा महसूल, मग आमचं विकास, मग वीज, शेती, आरोग्य, पाणीपुरवठा. आणि सर्वांत शेवटचा मान गावाला."

वाचकहो, या एका ठिकाणी सगळी माती झाली. ज्याला घाई त्याची पाळी आधी, हा सावडीचा जीव. तो काढून त्यांनी तेथे हुद्दा बसविला. जेवण मात्र जसेच्या तसे ठेवले.

गावात ही वार्ता पोहोचली तेव्हा शेजारीण बयनाबाई हिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "काय वं जयवंता, साहेबाइले सावड शिकवाले गेली अन् समदं गाव गहाण टाकून आली?"

"सावडीत पडलो तं पडलो आता. जावं लागते."

"अन् ते नाई आले मंग?"

"येतीन. सावडीचं खाऊन कोनी पाठ दाखवत नाई."

"तुही गोष्ट मानसाइची हाय वं. हे तं साहेब होत."

तरीही हिवरधऱ्याचे लोक गेले, कारण आमच्याकडे सावडीस बोलावणे आले आणि माणूस गेला नाही असे घडत नाही. महसुलाची जमाबंदी व्हायची होती, मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. हिवरधऱ्याच्या गड्यांनी कचेरीच्या भिंतींना चुना मारला आणि इतर खात्यांचे साहेब खुर्च्यांवर बसून स्वच्छ दफ्तर कसे असावे हे शिकले. विकासाच्या पाळीला आवारातील बाभळी तोडल्या, त्याही गावानेच. विजेच्या पाळीला खांबांसाठी खड्डे खणावयाचे होते. खड्डे गावाने खणले, विद्या साहेबांनी झाडाखाली मिळविली. नवी लाईन हिवरधऱ्याकडे जात नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

शेतीच्या पाळीला शेतीचे साहेब एका सरकारी तुकड्यावर उभे राहिले आणि बयनाबाईकडे पाहून म्हणाले, "आई, कापूस हे नगदी पीक आहे."

"व्हय काय जी?" बयनाबाई म्हणाली. "आमी इतले दिवस भाजी समजून लावत होतो."

आरोग्याच्या पाळीला हात धुण्याचे प्रात्यक्षिक होते. सर्वांना रांगेत उभे करून बोटे कशी चोळावीत हे साहेबांनी दाखविले, परंतु पाणी भरून ठेवण्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. तेव्हा कोरडेच हात चोळून सर्व खाती परत फिरली.

प्रत्येक भोजनानंतर गोपाळराव ढेकर देऊन उभे राहत आणि विचारत, "तर मंडळी, आज आपण काय शिकलो?" मग एकेक साहेब उठून एकेक गोड वाक्य बोले. टाळ्या पडत. जयवंताबाई टाळी वाजवीत नसत. मृग नक्षत्राच्या दिशेने दिवस कसे पळत आहेत, हे त्यांना आपल्या सुनेच्या मुखाकडे पाहून समजत असे. आशाबाई आता सासूशी अन्नापुरतेच बोलत होती.

पाणीपुरवठ्याच्या पाळीला विठ्ठलरावांनी दाखविण्यासारखे एकही काम चालू ठेवलेले नव्हते. म्हणून त्यांनी तो पाईप ओढण्याचा घोडा कचेरीच्या अंगणात उभा केला. तीन लोखंडी पाय, वर कप्पी, कप्पीला साखळी. तो फडक्याने पुसून त्याची माहिती सांगितली. सर्व साहेबांना तो पाहून फार आनंद झाला. गोपाळराव तर इतके प्रसन्न झाले की त्यांनी घोड्याच्या तिन्ही पायांना हात लावून पाहिला.

"पाहा मंडळी," ते म्हणाले, "तीन पाय, पण माथा एक! खात्यांनी असंच असावं."

जयवंताबाईंनी विठ्ठलरावांना बाजूस घेऊन विचारले, "हा आमच्या गावात कवा येईन जी?"

"तुमच्या पाळीला. आता तुमचीच पाळी ना? नक्की."

हिवरधऱ्याच्या पाळीचा दिवस उगवला तेव्हा पश्चिमेस ढग जमले होते. आशाबाईचा भाऊ मुधोळहून सकाळच्या मोटारीने येऊन ओसरीवर बसला होता आणि तिचे गाठोडे दाराशी बांधून तयार होते. जयवंताबाईंनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून त्या बाहेर निघाल्या. गावाने घरोघरचे पीठ जमवून रोडग्यांचा बेत केला होता. गव्हाचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, राखेखाली झाकून ठेवले होते; बाजूला वांग्याची भाजी आणि वरण रटरटत होते. सावडीच्या माणसांना उणे पडू नये, हीच त्यामागची भावना.

साहेबांच्या जीपगाड्या धुरळा उडवीत आल्या. पुढे कापडी फलक, मागे फोटोवाला. सर्वांनी बोरिंगला वेढा दिला. जयवंताबाईंनी जीपगाड्यांच्या आत डोकावून पाहिले.

"घोडा कुठं हाय?"

विठ्ठलरावांनी गोपाळरावांकडे पाहिले. गोपाळरावांनी आभाळाकडे पाहिले.

"घोडा प्रदर्शनात आहे," गोपाळराव म्हणाले. "आदिलाबादला. जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांना शिकता यावं म्हणून मी स्वतः पाठवला. पुढच्या पंधरवड्यात येईल. तोवर आज आपण प्रतीकात्मक सावड करू."

"ते काय असते जी?" बयनाबाईने विचारले.

"म्हणजे सर्वांनी दांड्याला हात लावायचा आणि फोटो काढायचा."

"अन् पानी?" जयवंताबाई म्हणाल्या.

"पाणी नंतर."

"मंग रोडगेही नंतर."

साहेब लोक हसले. खेड्यातल्या बायका विनोदी असतात, असे शेतीचे साहेब म्हणालेही. फोटो निघाला. त्यानंतर सर्व मंडळी लिंबाखालच्या सतरंजीवर मांडी घालून पत्रावळींची वाट पाहू लागली. पत्रावळी आल्या नाहीत. जयवंताबाई राखेच्या ढिगापुढे बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी बयनाबाई हातात चिमटा घेऊन द्वारपालासारखी.

ऊन माथ्यावर आले. वांग्याच्या भाजीचा वास सतरंजीवरून फिरू लागला. विजेचे साहेब तेलुगू मुलुखातले. ते पोटावर हात ठेवून "अम्मा, आकली, आकली" असे आपल्या भाषेत भुकेचे गाऱ्हाणे सांगू लागले.

शेवटी गोपाळराव उठून आले. "अहो सरपंचबाई, आता पुरे झाली चेष्टा. अतिथी देवासमान असतो."

"अतिथी असते तं आधी तुमाले वाढलं असतं, साहेब. पन तुमी सावडीले आले. सावडीचं जेवन काम उरकल्यावर. बसून खानाऱ्याले आमच्यात बैलबी हासते."

"हा सरकारी अधिकाऱ्यांचा अपमान आहे!"

"कोन अपमान करून राह्यलं जी? सतरंजी टाकली. पानी देलं."

"हो, पाणी मात्र..." आरोग्याचे साहेब पेला तोंडाशी नेत म्हणाले, "थंडगार आहे हं. कुठलं?"

"झिऱ्याचं. आमच्यापाशी तेच हाय. रोग अजून आला नाई म्हंता ना? प्या."

आरोग्याच्या साहेबांचा हात हवेतच थांबला. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिले. मग तो पेला इतक्या हळुवारपणे खाली ठेवला, जणू त्यात साप आहे. जे आधीच पिऊन मोकळे झाले होते ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेतीच्या साहेबांनी घसा खाकरून थुंकून टाकले. त्या एका क्षणात हिवरधऱ्याचे बोरिंग हा सर्व खात्यांचा जिव्हाळ्याचा विषय झाला. जे ज्ञान सबंध उन्हाळ्यात एवढ्या भाषणांनी त्यांच्या डोक्यात उतरले नव्हते, ते झिऱ्याच्या घोटभर पाण्याने पोटात उतरले.

गोपाळराव वळले. "विठ्ठलराव, जीप घ्या. जा आणि तो घोडा घेऊन या."

"साहेब, प्रदर्शनातून? लेखी हुकूम..."

"अहो, जा म्हणतो ना!"

विठ्ठलराव गेले. ते काही धर्मात्मा नव्हते. त्यांनाही भूक लागली होती आणि त्यांनीही तो पेला अर्धा रिकामा केला होता. पुढे ड्रायव्हरने गावात सांगितले की, प्रदर्शनाच्या मांडवात घोड्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि पुढे पाटी लावली होती: सहकार्याचे प्रतीक, कृपया हात लावू नये. विठ्ठलरावांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि घोडा, साखळ्या आणि मेस्त्री यांना जीपमध्ये घातले.

ऊन कलले तेव्हा बोरिंगवर घोडा उभा राहिला. गावचे गडी पुढे झाले, तोच जयवंताबाई म्हणाल्या, "थांबा. समद्याइनं धरा. साहेबाइनंही."

"आम्ही?" गोपाळरावांनी आपल्या सफारीकडे पाहिले.

"तुमचेच शब्द होत ना जी? हात लावाचा म्हनून."

राखेकडे एक नजर टाकून गोपाळरावांनी साखळीला हात घातला. त्यांच्यामागे महसूल, त्यांच्यामागे वीज, शेती, आरोग्य. हुद्द्याप्रमाणेच उभे राहिले, ती खोड काही सुटली नाही. परंतु ओढले मात्र सर्वांनी. पाईप कुरकुरत वर येऊ लागला. गंजाचे तांबडे पाणी गोपाळरावांच्या सफारीवर उडाले. मेस्त्रीने शेवटचा तुकडा उघडला, सुटलेला जोड नव्याने आवळला, आतला फाटका चामडी वायसर काढून नवा घातला. त्यास म्हैस पिळण्याइतका वेळ लागला. या एवढ्याशा कामासाठी होळीपासून मृगापर्यंत गावाने ओढ्यात वाळू उकरली होती.

पाईप परत उतरविले. जयवंताबाईंनी दांडा हाती घेतला. पहिल्या हापशांना नुसता घरघर आवाज आला, मग गढूळ पाणी, मग तांबूस, आणि मग नितळ.

आशाबाई लेकराला कडेवर घेऊन आली होती. तिने घागर तोटीखाली लावली, भरली आणि पहिला तांब्या आपल्या भावाला दिला.

"दादा, जेवून जाजो," ती म्हणाली. "मी नाई येत."

जयवंताबाईंनी दांडा सोडला नाही. डोळे पुसावयाचे होते, परंतु ते काम त्यांनी खांद्याने उरकले.

दिवेलागणीस रोडगे वाढण्यात आले. ते दगडासारखे कठीण झाले होते, तरी साहेबांनी ते तुपात बुडवून असे खाल्ले की पत्रावळींनाही भीती वाटावी. सवयीने गोपाळराव उभे राहिले. "तर मंडळी... आज आपण... काय शिकलो?" तोंडे भरलेली असल्यामुळे कोणी उत्तर देईना.

बयनाबाई तूप वाढता वाढता म्हणाली, "भूक लागली का समदी आफिसं एक होतात, हे शिकलो जी."

येथे कथा संपली असती तर लेखणीस किती आनंद झाला असता! परंतु सरकारी गोष्ट पाण्यापाशी कधीच संपत नाही. त्याच संध्याकाळी मोठे साहेब प्रदर्शनाच्या मुआयन्यास आले. त्यांना टेबलावर झेंडूचा हार आणि हात लावू नये ही पाटी एवढेच दिसले. चौकशी निघाली. घोडा कोणी नेला? विठ्ठलरावांनी. कोणाच्या हुकुमाने? गोपाळराव म्हणाले, "माझा कुठलाही हुकूम नव्हता." महसुलाच्या, विजेच्या, शेतीच्या आणि आरोग्याच्या साहेबांनीही हेच सांगितले. सर्व खात्यांचे इतके सुंदर एकमत त्यापूर्वी कधी झालेले नव्हते. विठ्ठलरावांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बेल्लमपल्लीकडे झाली. आणि खात्यांची सावड ही योजना यशस्वी केल्याबद्दल गोपाळरावांचा जिल्ह्यात शाल देऊन सत्कार झाला. सफारीवर तांबडे डाग पडलेला त्यांचा फोटो तेथे सर्वांना दाखविण्यात आला.

हे कळल्यावर जयवंताबाई गोपाळरावांच्या खोलीत शिरल्या. "विठ्ठलरावांनी एकट्यानं काम केलं, अन् गावाबाहीर त्यालेच काढून राह्यले?"

"सरपंचबाई, तो खात्यांतर्गत विषय आहे. तुम्ही त्यात पडू नका."

"आमी पडतो, साहेब. तो मानूस आमच्या सावडीले आला होता."

"अहो, मीही आलो होतो की!"

"तुमी आले होते," जयवंताबाई म्हणाल्या, "पन आलो होतो म्हनून सांगितलं नाई."

बदली फिरली नाही. आमच्या तक्रारीने फिरणारी वस्तू सरकारात अजून निर्माण व्हावयाची आहे. परंतु विठ्ठलरावांचे सामान हलविण्याचा दिवस आला तेव्हा हिवरधऱ्याची माणसे, गडी आणि बाया, न बोलावता त्यांच्या दारी उभी राहिली. विठ्ठलराव ओशाळले. "अहो, मी काही तुमच्यासाठी गेलो नव्हतो हो त्या दिवशी. खरं सांगायचं तर..."

"ठाऊक हाय आमाले," जयवंताबाई म्हणाल्या. "सावडीत कोनाले इचारत नाई, काऊन आला म्हनून. आला तं आला. ते कपाट उचला रे."

लोखंडी कपाट ट्रकवर चढत असताना रस्त्याने जीपगाड्या आल्या. पुढल्या गाडीत गोपाळराव, आणि मागे दुसऱ्या मंडलांतले अनोळखी साहेब, इस्त्रीच्या कपड्यांत, शिकावयास निघालेले. गोपाळरावांनी गाडी थांबविली. एका खांद्यावर कपाटाचा कोपरा घेऊन उभ्या असलेल्या जयवंताबाईंना पाहून त्यांचा चेहरा पडला.

"सरपंचबाई! तुम्ही इथं? अहो, आम्ही तुमच्याच गावी निघालोय. सावड बघायला पाहुणे आणलेत."

"जा ना जी. बोरिंग तिथंच हाय. पाहा, हापसा, पानी प्या."

"ते झालं हो. पण... जेवणाचं कसं?"

जयवंताबाईंनी कपाट सारले, हाताची धूळ झटकली आणि गोपाळरावांकडे शांतपणे पाहिले.

"आज आमची सावड इथं हाय, साहेब. जेवन विठ्ठलरावाच्या घरचं. अन् तुमचं घर आता सावडीत नाई."

मागल्या गाडीतल्या एका पाहुण्याने मान बाहेर काढून विचारले, "या बाई काय म्हणतात? काही शिकण्यासारखं आहे काय?" गोपाळरावांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि गाड्या हिवरधऱ्याच्या दिशेने, उपाशी, निघून गेल्या.

वाचकहो, आपण ही कथा शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट घेतलेत याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. माझ्या अल्प शिक्षणामुळे भाषेत काही न्यून राहिले असेल तर ते मोठ्या मनाने पोटात घालावे. परंतु साहेब लोकांविषयी जे लिहिले आहे त्यातला एकही शब्द पोटात घालू नये, अशी विनंती करून आपली रजा घेतो.

आपला नम्र,
पांडुरंग ग्यानबा भोयर
मुक्काम हिवरधरा, जिल्हा आदिलाबाद